यायचा फोन

लोपबुरी प्रांतातल्या त्या खेड्यात क्षितिजाने सहा वर्षं काढली, पण थाई तिला आली ती बाजारहाटापुरतीच. नवरा गुणवंत तिथल्या सूतगिरणीत इंजिनीअर, त्याचं सगळं इंग्रजीत भागायचं. तो पाळीवर गेला की घरात ती आणि तान्ही समिधा. भोवती उसाचे मळे, आणि ज्यांच्याशी दोन शब्द बोलता येऊ नयेत अशी सगळी माणसं. समोर खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरात बुनमा नावाची म्हातारी एकटीच राहायची. एके दिवशी ती आपणहून जिना उतरून आली, रडणारी पोर उचलली, तिच्या गालांना पांढरी पावडर फासली आणि घरी घेऊन गेली. तिथून पुढे समिधा निम्मी तिचीच झाली. आईच्या आईला तिकडे 'याय' म्हणतात. समिधाही तिला यायच म्हणायची.

साहजिकच पोर थाईतच बोलायला लागली. चिकट भाताचे गोळे करून खायची आणि वरणभात पुढे आला की तोंड फिरवायची. डॉक्टरकडे, पोस्टात क्षितिजा एवढ्याशा लेकीलाच पुढे करायची. लेक बोलायची, आई मान डोलवायची.

मग मंदी आली आणि गिरणीने परदेशी लोकांचे करार वाढवले नाहीत. आवराआवर झाली. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी राहिली तरी याय खाली आली नाही. समिधाने खालून हाका मारल्या, तेव्हा वरची खिडकी तेवढी लागली.

भाईंदरला इंद्रलोक भागात सासूबाईंच्या, मनोरमाबाईंच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड आलं. दर रविवारी यायचा फोन यायचा. समिधा गॅलरीत फतकल मारून तासभर बोलायची, हसायची, मध्येच रडायची. पण शाळा सुरू झाली आणि बिल्डिंगमधली मुलं तिला 'चिनी' म्हणून चिडवायला लागली. शाळेतल्या बाईंनीही बोलावून सांगितलं, मुलीची भाषा फार मागे आहे. मनोरमाबाई म्हणाल्या, घरात मराठीच बोला, नाहीतर पोरगी ना इथली राहील ना तिथली. क्षितिजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरीचं हसू होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

समिधा भराभर शिकली. वर्षभरात खाली मुलांशी हिंदीत भांडायला लागली. यायचा फोन आला की मात्र आत पळायची. "नंतर बोलते सांग ना," म्हणायची. नंतर म्हणजे कधी, हे क्षितिजाला थाईत सांगता यायचं नाही. फोन विरळ होत गेले.

गणपतीच्या सुमारास एका दुपारी याय फोनवर रडतच बोलायला लागली. एवढं भरभर की क्षितिजाला त्यातले 'डोळे' आणि 'हॉस्पिटल' एवढेच शब्द कळले. तिने धावत जाऊन समिधाला हाताला धरून आणलं.

"याय आजारी आहे गं. विचार तिला, काय झालंय ते."

समिधाने फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, ती काय बोलतेय?" ती हळूच म्हणाली. "मला नाही कळत."

"अगं, आठव जरा."

"नाही आठवत मला!" म्हणत फोन आईच्या हातात कोंबून ती मनोरमाबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

पलीकडे याय समिधाचं नाव घेत होती. क्षितिजाने मनातल्या मनात सगळे थाई शब्द चाचपले. मिरची, पपई, किती, स्वस्त करा. शेवटी तिकडे भेटलं की एकमेकांना विचारतात तेच तिच्या तोंडून निघालं, "किन खाव रे यांग?" म्हणजे जेवलात का.  याय थकल्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी गुणवंतने लावून पाहिला, तेव्हा तो लागला नाही. त्याने गिरणीतल्या जुन्या सहकाऱ्यांना मेल केले. तेही कधीच तिथून पांगले होते. पुढचे कित्येक रविवार क्षितिजा तो नंबर फिरवत राहिली. दर वेळी पलीकडून रेकॉर्ड केलेला एक बायकी आवाज तेच वाक्य ऐकवायचा. त्याचा अर्थ सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. तरी वाक्य संपेपर्यंत ती फोन कानाला धरून उभी राहायची.