आबाजींनी घासलेली वाटी

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. पण आमटीची नव्हे. प्रयोगशाळेत मला ट्रान्सड्यूसर म्हणतात. मी तळहातावर मावते, चिनी मातीच्या बशीसारखी पांढरी आहे. वीज दिली की मी थरथरते आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज काढते.

लोधिवलीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत नंदाताईंनी माझा आराखडा काढला. माझा आवाज पाण्यातून जाताना एका ठिपक्यावर एकवटावा, तिथे इतका जोरकस व्हावा की त्यातून दुप्पट उंच असा दुसरा सूर निघावा, हा त्यांचा बेत. दुसऱ्या सुराचा झोत पहिल्याहून बारीक असतो. त्याने शरीरातली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठही दिसेल, अशी त्यांना आशा होती.

सगळी मदार माझ्या खोलगटपणावर होती. माझ्याआधीच्या दोन वाट्या घासतानाच तडकल्या. तिसरी मी. चौथीसाठी माल उरला नव्हता.

मला घासलं कळंबच्या आबाजींनी. लेथ यंत्राच्या खडखडाटात जन्म गेल्याने त्यांचे कान गेले होते. बोटं मात्र शाबूत होती. नऊ दिवस ते मला हलक्या हाताने घासत होते.

चाचणीला मला पाण्याच्या टाकीत तोंड वर करून बसवलं. वीज आली आणि पाण्यावर बोटभर उंचवटा उठला. पडद्यावर दुसऱ्या सुराची रेघ उमटली.

"आबा, निघाला सूर!" नंदाताई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"मला कुठं ऐकू येतंय गं," आबाजी हसले. "पन पानी उठलं, त्ये बघितलं."

पुढे माझ्याच मापाच्या वाट्या यंत्रावर होऊ लागल्या. नंदाताई परगावी गेल्या. मला कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं. सहा वर्षं ते दार कुणी उघडलं नाही.

एका दुपारी आबाजी काठी टेकत आले.

"माजी वाटी हाय का हितं? एकदा बघायची व्हती."

"जुनं काही नाही इथं, बाबा," प्रयोगशाळेत आलेल्या नव्या बाईंनी मान हलवली.

मी दोन हातांवर होते. पण माझ्या आवाजाला पाणी लागतं, मित्रांनो. कोरड्या कापसात मी मुकी. आबाजी आल्या पावली परत गेले. पुन्हा आले नाहीत.

मला कामाला लावा, असं मी म्हणत नाही. कुणी आपल्या हातची वस्तू बघायला आलं, तर 'नाही' म्हणण्याआधी एकदा कपाट उघडा.