सात दहाची भवानी

हर्षालीने पेढ्यांचे ताट अलगद बाजूला सारले, संगमरवरी ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्याचा पडदा हिंमतरावांकडे वळवला. हिंमतरावांनी खव्याने माखलेले हात आधी पंच्याला पुसले, मग चष्मा चढवला. पोथी उघडताना जी सावधता त्यांच्या अंगी येई, तीच या क्षणी आली होती.

"महिनाभराचा अहवाल आलाय, आप्पा," ती म्हणाली. "आता मी सांगते तसंच करायचं. मधे बोलायचं न्हाय."

"बोलायचा मक्ता तुझ्या आप्पांनी कधीच घेतलाय," आत खवा घोटणाऱ्या शिवलीलाबाई म्हणाल्या. "तो सुटायचा न्हाय."

हर्षाली ही हिंमतराव आणि शिवलीलाबाई या जोडप्याची पुतणी. ती पुण्यात इंटरनेटवरील जाहिरातींचे काम करी. येरमाळ्यात उड्डाणपूल झाल्यापासून दुकानासमोर थांबणाऱ्या गाड्या डोक्यावरून निघून जाऊ लागल्या आणि तीन कढयांपैकी दोन थंडावल्या. चैत्री पुनवेला येडेश्वरीची यात्रा भरते. तोवर बाहेरगावच्या मागण्या वाढल्या नाहीत, तर दुकान बंद करायचे, असे पती-पत्नींनी ठरवले होते. तेव्हा हर्षालीने ही जाहिरात सुरू करून दिली. कोणी गुगलवर पेढे शोधले की वरच्या ओळींत 'शिवलीला पेढे' दिसावेत. त्यावर कोणी बोट ठेवले, तरच जाहिरातीचे पैसे कापले जावेत. ऐपत दिवसाला वीस क्लिकांची. वीस झाले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत अदृश्य होई.

पहिल्या आठवड्यात ते वीस क्लिक सकाळी दहाच्या आत संपत. कारण हिंमतरावांनी अभिमानाने साऱ्या गावाला आणि सोयऱ्याधायऱ्यांना जाहिरात पाहायला सांगितले होते, आणि सर्वांनी स्नेहापोटी ती रोज पाहिली होती. हर्षालीने फोनवरून खरा प्रकार समजावल्यावर ते येरमाळ्यात दारोदार हिंडले आणि हात जोडून ती न पाहण्याची विनंती करून आले. गावाने तीही मानली.

आता ती एकेक उणीव दाखवू लागली. 'अवीट गोडीचे' असे कोणी शोधत नाही; लोक 'खव्याचे पेढे घरपोच' असे लिहितात, म्हणून जाहिरातीतही तेच शब्द हवेत. 'पेढे कसे करायचे' असे विचारणारे विकत घेणारे नव्हेत. त्यांना जाहिरात दिसूच नये. शिवलीलाबाईंना हे रुचले नाही. विचारणाऱ्याला रीत सांगायला आपले काय जाते, असे त्यांचे म्हणणे होते. हर्षाली हसली, पण ते शब्द तिने वगळलेच. मागण्या नऊनंतर येतात, तेव्हा जाहिरातही नऊनंतरच दाखवावी, हेही तिने नोंदवले.

मग तिचे बोट एका ओळीवर थांबले.

"हे बघा. कळंब. रोज एक क्लिक, आन् मागणी एकबी न्हाय. रोज सकाळी सात दहाला. फार तर सात अकरा."

"म्हंजे?"

"धंद्यातलं कुणीतरी असंल. मुद्दाम करतेत असं, दुसऱ्याचे क्लिक संपवायला."

"बब्रुवान," हिंमतराव ताडकन म्हणाले. कळंबच्या बाजारात बब्रुवानचे पेढ्यांचे दुकान होते. "त्याच्या पेढ्यात साखर जास्त आन् इमान कमी."

कोणी का असेना, हर्षाली म्हणाली, कळंबला जाहिरात दिसणेच बंद करावे. तिथली माणसे कुरिअरने पेढे कशाला मागवतील? वाचलेला क्लिक पुण्याच्या गिऱ्हाइकाला लाभेल.

"कर बंद," हिंमतराव म्हणाले.

तिने कळंबपुढे बंदची खूण केली. हिंमतरावांची नजर मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तेथून दाराजवळच्या पत्र्याच्या स्टुलावर येऊन स्थिरावली.

"किती वाजता म्हणालीस?"

"सात दहा."

ते स्टूल वजीरभाईंचे. शेजारी त्यांचे पंक्चरचे दुकान होते. एकतीस वर्षे हिंमतराव सातला शटर उघडत, दिवा लावत, उदबत्ती फिरवत, आणि दहा मिनिटांनी वजीरभाई स्टुलावर येऊन बसत. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, त्यांच्याच हातची. दोन पेढे घ्यायचे, पैसे ओट्यावर ठेवायचे, एक स्वतः खायचा आणि दुसरा हिंमतरावांच्या तळहातावर ठेवायचा. त्याआधी त्या दुकानात काही विकले जात नसे. दोन वर्षांपूर्वी वजीरभाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि लेक जास्मिन त्यांना आपल्या घरी, कळंबला, घेऊन गेली. पुढे कानही गेले. फोनवर बोलणे उरले नाही.

हिंमतरावांनी जास्मिनला फोन लावला. आधी वजीरभाईंची प्रकृती विचारली, तिच्या मुलांची विचारली. मग विचारले, की भाई सकाळी मोबाइल पाहतात का.

"व्हय की चाचा," फोनमधून जास्मिनचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "चष्मा लावून बसतेत. दुकानाचं नाव मीच काढून देते. मग त्याच्यावर बोट ठेवतेत आन् म्हणतेत, हिंमतरावची भवानी झाली, आता चहा आण. त्याच्या आधी चहाला हात लावत न्हाईत." मग तिचा स्वर किंचित उतरला. "का चाचा, काय चुकलं का?"

हिंमतरावांनी पंच्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"न्हाय बाय. काय चुकलं न्हाय."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. आतला घोटण्याचा आवाज थांबला होता.

"मी जास्मिनताईला समजावून सांगू?" हर्षालीने हळूच विचारले. "जाहिरातीच्या खाली आपलं नाव फुकटबी दिसतं. तिथं बोट ठेवलं तर चालतंय."

"समजावलं की त्याला कळंल, आजवर आपल्या हातनं दोस्ताचं नुकसान झालं." हिंमतरावांनी लॅपटॉपकडे पाहिले. "कळंब बंद केलंस तर सकाळी त्याला जाहिरात दिसंल का?"

"न्हाय दिसणार."

"मग त्याला वाटंल, हिंमतनं आज शटर उघडलंच न्हाय."

हर्षालीने कळंबपुढची खूण काढली. मग तिने वेळेच्या रकान्यातला नऊचा आकडा पुसला आणि तेथे सात लिहिले.

"एकोणीस उरतेत, आप्पा," ती म्हणाली. "तेवढ्यात भागवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली पुण्याच्या बससाठी पिशवी घेऊन दुकानात आली, तेव्हा एक मोटार पुलाखालच्या रस्त्याने येऊन समोर थांबली. उतरलेल्या गृहस्थाने दोन किलो पेढे मागितले आणि लांब जायचे आहे, लवकर करा, असेही सांगितले. एवढी मागणी दुकानात कितीतरी दिवसांनी आली होती. घड्याळात सात वाजून चार मिनिटे झाली होती.

हिंमतरावांनी स्टुलाला हात लावला नाही. आतून खुर्ची आणून ठेवली.

"बसा जरा. भवानी व्हायचीय."

"मग मीच करतो की."

"तुमचं मन मोठं हाय. पण ती ठरलेली हाय."

गृहस्थाने मनगटावरचे घड्याळ पाहिले, मोटारीकडे पाहिले. अखेर तो बसला आणि ज्याची वाट पाहायची तो माणूस कोणत्या बाजूने येतो, ते पाहू लागला. रस्ता मोकळा होता. शिवलीलाबाईंनी त्याच्या हाती चहा दिला.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली. कोणीही आले नाही.

हिंमतरावांनी ताटातले दोन पेढे उचलले. एक कागदावर ठेवून तो कागद स्टुलावर ठेवला. दुसरा स्वतःच्या तळहातावर घेतला आणि सावकाश खाल्ला.

"झाली," ते म्हणाले, आणि त्यांनी तराजू पुढे ओढला.