छाती खोटं बोलत नाही

केळी सोलताना नालवोगा आत्याचं तोंड सुरीपेक्षा वेगानं चालायचं. मसाका शहराबाहेरच्या त्या टेकडीवर कोणाची लेक कुठे दिली, कोणाची परत आली आणि का आली, हे सगळं तिला पाठ होतं. भावाच्या लेकीला लग्नासाठी तयार करायचं काम बागांडा लोकांत आत्याचंच. नालवोगाचा त्यात इतका नावलौकिक की परक्या घरच्या नवऱ्या मुलीही तिच्याकडे आणल्या जायच्या. नवरीनं चालायचं कसं, पाहुण्यांपुढे गुडघे टेकायचे कसे, हे ती शिकवायची. शेवटी नवरीला आडोशाला न्यायची, अंगावरचं कापड बाजूला करायला लावायची, एकदाच बघायची आणि निकाल द्यायची.

"तोंड खोटं बोलतं, छाती खोटं बोलत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. छाती उभी असली तर पोरगी चांगल्या घरची. ओघळली असली तर तिनं कुठेतरी शेण खाल्लंय, नाहीतर लेकरू पाजून लपवलंय. या शास्त्रानं किती जणींचे संसार मांडण्याआधीच मोडले, हे विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं.

ती स्वतः भावाच्या घरी राहायची. तरुणपणी लग्न झालं होतं, पण मूल होईना म्हणून सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं. अलीकडे तिला साखरेचा आजार जडला आणि एके काळची भरदार बाई निम्मी झाली. पण जीभ होती तेवढीच राहिली.

त्या सकाळी तिची भाची नान्तेझा टेकडी चढून धापा टाकत अंगणात आली. सव्वीस वर्षांची, गावच्या शाळेत शिकवणारी. कपडे घामानं चिंब झालेले.

"कोण लागलंय गं मागे? पोलीस का बिबट्या?" कुंपणापलीकडून शेजारणीनं विचारलं.

"सासर," नान्तेझा म्हणाली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

थट्टा खरीच होती. लुटाया या कंपालातल्या फोनच्या दुकानदारानं तिला मागणी घातली, तेव्हा त्याची आत्या नामाटोवू घर बघायला आली होती. तिनं नान्तेझाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "पोरगी गुणी आहे. पण आमच्या फोटोवाल्याला हिला फोटोत बसवायला मागे सरकत सरकत तळ्यात जावं लागेल." सगळे हसले. लुटायाही हसला. नान्तेझाला ते त्याचं हसणं लागलं. त्या दिवसापासून तिनं चपाती सोडली, ताटातली केळी निम्म्यावर आणली आणि रोज पहाटे टेकडीवर पळायला लागली.

वजन उतरलं, आणि चांगलंच उतरलं. आई नामुद्दूनं मागणीच्या समारंभाची रेशमी गोमेसी, म्हणजे उंच टोकदार खांद्यांचा पायघोळ पोशाख, दोनदा उसवून आत घेतली. दुसऱ्यांदा टाचण्या लावताना तिचा हात छातीशी थबकला. "इथे आता भरायलाच काही उरलं नाही गं," ती पुटपुटली. नान्तेझानं मान फिरवली. ते तिला आरशात केव्हाच दिसलं होतं. कमरेची चरबी हटता हटत नव्हती, पण छातीची सगळ्यात आधी गेली. कातडी तेवढी मागे राहिली, ढिली आणि खाली आलेली.

मोठ्या समारंभाआधी मुलाकडच्या बायका नवरीला 'बघायला' आल्या. नामाटोवू आणि तिच्या दोन भावजया. येताना केळीच्या पानात बांधलेलं मांस आणलं होतं आणि चेहऱ्यावर पुण्यकर्माला निघाल्याचा भाव. घरामागच्या वेताच्या न्हाणीत नान्तेझाला चादर गुंडाळून उभं केलं. जामीन राहायला नालवोगा आत्या शेजारी होतीच.

नामाटोवूनं चादर खाली ओढली, बघितलं, आणि बाजारातलं नासकं फळ परत टाकावं तशी सोडून दिली.

"लेकरू कुठे ठेवलंयस?" तिनं विचारलं.

नान्तेझाला आधी कळलंच नाही. "कुणाचं लेकरू?"

"तेच आम्ही विचारतोय."

"मी वजन उतरवलंय, आत्याबाई. तुम्हीच म्हणाला होतात, बारीक हो म्हणून."

"बारीक हो म्हटलं होतं, रिकामी हो नव्हतं म्हटलं." भावजया तोंडावर हात ठेवून हसल्या. नामाटोवू नालवोगाकडे वळली. "तुम्ही तर यातल्या जाणत्या. तुम्हीच सांगा, ही कोरी पोर आहे?"

नान्तेझानं आत्याकडे पाहिलं. जन्मल्यापासून जिनं न्हाऊ घातलं, ती बाई आता एक शब्द बोलेल एवढीच तिची अपेक्षा होती. नालवोगानं बघितलं. आयुष्यभर जसं बघितलं तसंच बघितलं. आणि खाली मान घातली. जामीनच खाली बघायला लागल्यावर फिर्यादीला आणखी काय हवं?

बायका मांस तिथेच ठेवून तणतणत निघून गेल्या. आत्यानं न्हाणीचं दार लावून घेतलं.

"खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही."

"आत्या, मी तुझ्यासमोर वाढले. पोट वाढलेलं तुला दिसलं नसतं का?"

"पोट लपवणाऱ्या मी कमी नाही पाहिल्या. पोरी, छाती खोटं..."

"नाही बोलत. माहितीये." नान्तेझाची नजर आत्याच्या अंगावरच्या ढगळ झग्यावर गेली. ओठ हलले, पण मोठ्या माणसाला असलं बोलायचं नसतं. तिनं शब्द गिळला आणि चादर आवळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लुटायाचा फोन आला. नान्तेझानं तो अंगणात सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हे बघ, मी मनानं मोठा आहे," पलीकडून लुटाया म्हणाला. "मी तुला माफ केलंय."

"कशाबद्दल?"

"आता ताणू नकोस. झालं ते झालं. मूल असेल तर त्याची सोय करू. तू फक्त समारंभाआधी आतल्या खोलीत आत्यांपुढे गुडघे टेकून हो म्हण. त्यांचा मान राहील, विषय मिटेल."

"आणि मूल नसेल तर?"

"नान्तेझा, बायकांना कळतं गं यातलं."

तिनं फोन बंद केला. वडील सेम्पा खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. मांडव ठरला होता, चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं वाचून झाली होती, निम्म्या जिल्ह्याला निमंत्रणं गेली होती. "एक शब्द तर आहे, बाळा," आई म्हणाली. "भिंतीआड बोलायचा. कोण ऐकतंय?"

"मी ऐकेन ना, आई. आणि तो ऐकेल. उद्या मीठ जास्त पडलं तरी म्हणेल, तुला तर मी माफ करून आणलीय. जे केलंच नाही त्याची माफी घेऊन मी जन्मभर त्याच्या घरात वावरू?"

तिला समजवायची कामगिरी आत्यावरच आली. आत्यानं गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, बाईच्या जातीनं असं ताठ राहू नये हेही सांगून झालं. नान्तेझा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मांडवात नवरदेव ओळखून त्याला फूल लावायचं तुझ्या हातात आहे, आत्या. माझं तोंड तुझ्या हातात नाही."

समारंभाच्या सकाळी अंगण पांढऱ्या मांडवांनी भरलं. चुलीवर केळीच्या पानांखाली हिरव्या केळ्यांचे मटोके वाफत होते. नालवोगा अंघोळीला त्याच न्हाणीत शिरली. साबण लावता लावता तिचा हात छातीशी आला आणि तिथेच राहिला.

रोज अंघोळ करणारी बाई स्वतःला रोज बघते, असं आपण समजतो. तसं नसतं. या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरचं कापड बाजूला केलं, आणि स्वतःच्या अंगाकडे आज पहिल्यांदा त्या नजरेनं बघितलं. छाती ओघळून पार बरगड्यांच्या खाली लोंबत होती. साखरेनं मांस खाल्लं त्यानंतर अशी झालेली. तिला कुठल्याही लेकरानं कधी तोंड लावलं नव्हतं. त्यासाठीच तर तिला नवऱ्याच्या दारातून हाकललं होतं. तिच्या ठरलेल्या वाक्याप्रमाणे निकाल दिला असता, तर ती लेकुरवाळी ठरली असती.

अर्धवट पुसलेल्या अंगानं ती आतल्या खोलीत आली. नान्तेझा गोमेसी नेसून बसली होती आणि आई तिच्या चोळीत कापडाच्या घड्या कोंबत होती. आत्यानं त्या उपसून कोपऱ्यात फेकल्या.

"त्या दिवशी न्हाणीत काय बोलणार होतीस?"

"काही नाही."

"बोल. मी विचारतेय."

नान्तेझानं डोळे वर केले. "तुझीही तशीच आहे, आत्या. आजारात तू वाळलीस तेव्हापासून. तुला कोण विचारायला गेलं, लेकरू कुठे ठेवलंयस?"

आत्या खाटेच्या कडेला बसली. तिनं विचारलं, "तो हवाय का तुला?"

"सगळ्यांसमोर म्हणाला, की माझ्यावर घेतलेला आळ खोटा आहे, तर हवाय. नाहीतर नको."

तेवढ्यात नामाटोवू दारात उभी राहिली. नवी कोरी गोमेसी, खांदे कानाला टेकलेले. "बोलतेय का पोरगी? पाहुणे ताटकळलेत."

"बोलणं होईल," नालवोगा म्हणाली. "बाहेर होईल."

मांडवात दोन्हीकडच्या बोलक्यांची, म्हणजे घरच्यांच्या वतीनं बोलायला नेमलेल्यांची, जुगलबंदी रंगली. टोपल्या, साखरेची पोती, नवरीच्या आईसाठी गोमेसी, भावासाठी कोंबडा, सगळं रांगेनं मांडलं गेलं. मग मुलीकडच्या बोलक्यानं हाळी दिली, "आत्याबाई, या गर्दीत तुमचा माणूस कोणता तो दाखवा."

नालवोगा लाल फूल घेऊन उठली. रिवाजाप्रमाणे ती आधी चुकल्यासारखं करत फिरली. एका टकल्या म्हाताऱ्यापुढे थांबून म्हणाली, "हा नको, याची हमी संपलीय," आणि मांडव खदखदून हसला. मग ती लुटायापुढे आली. त्यानं कोटाची बाही सारखी केली आणि छाती पुढे काढली. आत्यानं बोलक्याच्या हातातला माईक घेतला.

"जावईबापू, फुलाआधी एक विचारते. माझ्या भाचीनं लेकरू लपवलंय असं तुमच्या घरच्या बायका म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

हसणं जागच्या जागी विरलं. बोलक्यानं माईक घ्यायला हात पुढे केला, तो आत्यानं झटकला. लुटायानं आपल्या आत्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "हे घरात बोलायचं असतं," तो पुटपुटला.

"घरातच ऐकतेय मी केव्हाची. हो का नाही, तेवढं सांगा."

तो कोटाची बाही ओढत राहिला. नामाटोवू मात्र उठली. "चारचौघांत लाज सोडलीत? आम्ही डोळ्यांनी बघितलंय. छाती ओघळलेली होती. तुम्ही पण बघितलीत, आणि मान खाली घातलीत."

"घातली," नालवोगा म्हणाली. "आणि आयुष्यभर मी हेच केलं. आपलं ठेवलं झाकून आणि दुसऱ्याचं पाहिलं वाकून. आज माझी बघितली. ही पोर तुमच्या टोमण्यानं वाळली, मी साखरेनं वाळले. अंगातली चरबी गेली की छाती ओघळते, त्याला लेकरू लागत नाही आणि पुरुषही लागत नाही."

"वांझेनं आम्हाला शिकवू नये," नामाटोवू म्हणाली.

"बरोबर. वांझ. या टेकडीवरची शेंबडी पोरंसुद्धा मला वांझ म्हणतात, आणि तुम्हीही आत्ता म्हणालात." आत्याचा आवाज चिरकला, पण माईक खाली आला नाही. "आणि माझी छाती नान्तेझापेक्षा खाली आहे. छाती लेकरापायीच ओघळते ना? मग माझं लेकरू कुठे आहे, ते मला शोधून द्या. मी आयुष्यभर वाट बघतेय त्याची. द्या आणून, आणि मग मी तुमच्या मुलाला फूल लावते."

मुलाकडच्या रांगेतल्या कितीतरी बायकांचे हात नकळत स्वतःच्या छातीशी गेले. लुटायाला अजूनही उठता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. तो बसून राहिला.

आत्या फूल घेऊन तशीच वळली आणि आतल्या खोलीत गेली. नान्तेझा दाराआडून सगळं ऐकत उभी होती. आत्यानं फूल तिच्या हातात दिलं आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाहेर टोपल्या पुन्हा गाड्यांत चढत होत्या.

लोक अजून बोलतात. म्हणतात, म्हाताऱ्या वांझेनं भाचीचं वाटोळं केलं. नान्तेझा शाळेत शिकवते, पहाटे टेकडीवर पळते, आणि कोण मागे लागलंय असं आता तिला कोणी विचारत नाही.

परवा पलीकडच्या टेकडीवरची एक बाई काखेत कोंबडी घेऊन आली. अंगणात गुडघे टेकून म्हणाली, "आत्याबाई, आमची होणारी सून एकदा बघून द्या. कोरी आहे ना, तेवढंच सांगा."

नालवोगानं केळी सोलायची सुरी खाली ठेवली. "सांगते की. पण आधी तू न्हाणीत चल आणि तुझं कापड काढ. तुझी बघते, मग तिची."

बाईनं तिच्याकडे पाहिलं, न्हाणीच्या दाराकडे पाहिलं, आणि कोंबडी उचलून आल्या वाटेनं चालू लागली.