दांडगोबाचा राग आणि माझी झीज

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. शाळेच्या दप्तरातला मात्र समजू नका. मी लढायांत झिजलो आहे. माझी एक कड लांडग्यांनी खाल्ली, दुसरी दरोडेखोरांनी, आणि मधला खळगा पडला तो एका बदकामुळे. खोटं वाटतंय? मग ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र, चौकोनी आणि जरा गर्विष्ठ होतो. दुकानातल्या बरणीत पडल्या पडल्या वाटायचं, आपण एखाद्या चित्रकाराच्या हाती लागावं. लागलो ताईंच्या. ताई वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायच्या. लोक काचेपलीकडून ओरडायचे आणि ताई म्हणायच्या, "माफ करा, बघते हं." दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ताईंच्याच घरची वीज अधूनमधून जायची. तेव्हाही त्या कंपनीत फोन लावून आधी माफी मागायच्या.

रविवारी दुपारी मात्र त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वेगळंच राज्य असे. तिथे गोष्टीचा खेळ चाले: ताईंचा धाकटा भाऊ गोष्ट रचून सांगायचा आणि बाकीचे त्यातली पात्रं व्हायचे. जंगल, किल्ले, राक्षस सगळे त्याच्या डोक्यातले. शेजारचे शिंपीकाका त्या गोष्टीतले जादूगार. आणि ताई होत्या रानटी योद्धा, नाव दांडगोबा! त्याची ताकद, बुद्धी, उरलेला जीव असं सगळं एका कागदावर पेन्सिलीने आकड्यांत लिहिलेलं असे. फासे टाकायचे, वार बसला की जीवाचा आकडा खोडून कमी करायचा. आणि खोडायचं काम अर्थातच माझं.

पहिला दांडगोबा ताईंनी स्वतःच्या स्वभावाप्रमाणे बनवला. गुण ठरावीकच मिळतात. ताईंनी ते ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी असे सगळ्यांना पंगतीत वाढल्यासारखे सारखे वाढले. "कोणाला कमी नको बाई!" परिणाम व्हायचा तोच झाला. तळ्याकाठच्या एका बदकाने दांडगोबाला लोळवलं. भाऊ हसून हसून खुर्चीवरून घसरला.

शिंपीकाका मात्र हसले नाहीत. "ताई, कापड तेवढंच असतं," ते म्हणाले. "घेर वाढवला की बाही आखूड होणार. ह्याला पुढे उभं राहून मार खायचाय. ताकद आणि दमसास भरपूर द्या. बुद्धीचं कापड कापा."

"अहो, पण ढ होईल ना बिचारा!"

"होऊ द्या. विचार करायला मी आहे की."

दुसऱ्याची बुद्धी खोडताना मला कसंनुसंच झालं. पण नवा दांडगोबा झाला भक्कम! अंगात चिलखत नाही, उघड्या छातीने सगळ्यांच्या पुढे. शिंपीकाका त्याच्या पाठीमागे सुखरूप मंत्र पुटपुटत. म्हणजे मार खायचा दांडगोबाने, झिजायचं मी, आणि कौतुक फाशांचं! चांगलं दान पडलं की भाऊ फाशाचा मुका घ्यायचा. माझा कधी कोणी घेतला नाही.

रानटी योद्ध्याची खरी शक्ती म्हणजे त्याचा राग. तो चढला की लागलेला मार निम्मा होतो. दांडगोबाला दिवसाला तीन राग मिळत. त्यांच्या तीन रेघा कागदाच्या कोपऱ्यात होत्या. राग वापरला की एक रेघ पुसायची. ताईंनी एकही पुसली नाही. "राहू दे, पुढे लागेल."

"अगं ताई, आजचा राग उद्याला चालत नाही," भाऊ कपाळावर हात मारायचा. "दांडगोबा झोपून उठला की नवे तीन मिळतात!"

"तरी पण."

लांडगे आले, दरोडेखोर आले. ताईंनी पूर्ण मार खाल्ला आणि माझी दुप्पट झीज झाली. गरीब गाय, दुसरं काय!

मग एका रविवारी तो पूल आला आणि पुलावरचा राक्षस. जादूगार बेशुद्ध पडला होता. दांडगोबाचा जीव चारवर आला होता. शून्य झालं की कागद फाडायचा, असा नियम होता.

"गेला तर गेला, दुसरा बनव," भाऊ म्हणाला.

"दुसरा नको." ताईंनी कागदावर हात ठेवला. "आठवडाभर त्या काचेमागे बसते ना, तेव्हा माझ्या मनात हाच उभा असतो. हा गेला तर मी कशी बसू तिथे?"

मला फार वाईट वाटलं. बेशुद्ध शिंपीकाकांनाही राहवलं नाही. "मग राग काढा, ताई!"

"आणि पुढे याहून मोठा कोणी आला तर?"

"याहून मोठा? याचं डोकं ढगात आहे हो!"

भाऊ पुढे सांगू लागला, "राक्षस तुला कोपराने बाजूला सारतो आणि सरळ पुढे घुसतो..."

ताई ताडकन उठल्या. "ए! घुसतोस कुठे? मागे हो! रांगेत उभा राहा!"

शिंपीकाका नकळत भावाच्या मागे जाऊन उभे राहिले. ताईंनी मला उचललं आणि एक रेघ अशी खसाखसा पुसली की माझे दोन तुकडे झाले. राक्षसाच्या गदेचा फटका बसला सहाचा. एरवी खेळ खलास! निम्मा होऊन झाला तीन. एक जीव उरला, आणि तेवढ्यावर दांडगोबाने राक्षसाला नदीत ढकललं. मी दोन्ही तुकड्यांनी आनंदलो.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझी विनंती एवढीच, की जपता जपता वापरायचंच विसरू नका. मला जरूर झिजवा, फक्त डबीत ठेवून वाळवू नका.

पुढच्या रविवारी भावाने कागद पुढे ओढला. "तीन राग ना?"

"दोनच लिही," ताई म्हणाल्या. "एक मी सोमवारी खिडकीवर वापरला."

भाऊ बोटांवर दिवस मोजू लागला. "अगं, त्यानंतर रोज झोपलीस ना? मग तीनच्या तीन आहेत."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "उद्या साहेबांशी मीटिंग आहे."