अकरा ते सतरा

दुपारचे तीन वाजले होते, नकाशा पाचला कृषी खात्याकडे जायचा होता, आणि अक्षता काही केल्या खुर्चीत टिकत नव्हती. अंधेरीतल्या त्या ऑफिसात तिने सकाळपासून चार वेळा पाण्याची बाटली ओतून पुन्हा भरली होती, प्यायली मात्र एकदाही नव्हती.

नकाशा चिखलदऱ्याजवळच्या एका गावाचा. कॉफीचे बेचाळीस मळे तिने उपग्रहाच्या चित्रांवरून रंगवले होते. हिरवा म्हणजे ओल धरून असलेला, तांबडा म्हणजे सुकत चाललेला. तिकडे उन्हाळी सरी अलीकडे मनाला येईल तेव्हा पडतात, म्हणून तांबड्या मळ्यांना यंदा खात्याकडून शेततळी मिळणार होती. हिरव्यांना काही नाही.

त्याच गावच्या शाळेला अक्षता दर शनिवारी स्क्रीनवरून विज्ञान शिकवायची. मुलं मळ्यात वीतभर खणायची, मूठभर माती दाबून गोळा करायची आणि अलगद तळहातावर सोडायची. गोळा टिकला तर ओल आहे, फुटला तर कोरडं. मळ्याच्या नंबरासकट ती नोंद अक्षताच्या तक्त्यात जायची. सोबत तिने एक नियमही घालून दिला होता. नोंद आवडली नाही म्हणून पुसायची नाही. चुकलीच तर वरून एक रेघ मारायची, शेजारी आपलं नाव लिहायचं.

आजच्या तासाला सातवीतली मथुरा उभी राहिली. "मॅडम, अकरा ते सतरा नंबरच्या आमच्या नोंदी तुमच्या तक्त्यात दिसत नाहीत."

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे गं," अक्षता म्हणाली आणि तिने तास दहा मिनिटं आधीच गुंडाळला.

कसला प्रॉब्लेम न् कसलं काय. परवा तिनेच त्या पुसल्या होत्या. उपग्रहाच्या चित्रात ते सात मळे हिरवेगार, आणि पोरं प्रत्येक वेळी लिहितात, 'फुटला'. पोरंच चुकली असणार, असं अक्षताबाईंनी बसल्या जागी ठरवून टाकलं होतं.

तिचा साहेब देवेश जेवून आला का बघायला ती खिडकीशी गेली. त्याची गाडी रोज फाटकाजवळच्या मोठ्या झाडाखाली लागते. चौथ्या मजल्यावरून तिला नुसता पाला दिसला. खाली गाडी आहे की नाही, सांगता येईना. उपग्रहालाही वरून असाच नुसता झाडांचा पाला दिसत असणार.

तिने शाळेतल्या कुंडलिक गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, अकरा ते सतरात सावलीला कुठली झाडं आहेत?"

"सिल्व्हर ओक. तीसेक वर्षांची असतील. मुळं खोल गेलीत, त्यांना कशाची चिंता?"

"आणि खाली कॉफी?"

"कळ्या करपल्यात. पोरांनी लिहिलंय की तुम्हाला."

देवेश आला तेव्हा ती सातही मळे तांबडे करत होती. काय झालं ते तिने सरळ सांगितलं.

"तू पुसलंस?" त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, गुपचूप रंग बदल आणि पाठव. पुसल्याचं कुठे लिहू नकोस. याच महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय ना? कशाला स्वतःची वाट लावून घेतेस?"

"रंग का बदलला, ते खात्यातले लोक विचारतील ना. पोरांच्या नोंदी दाखवाव्या लागतील. मग त्या आधी का नव्हत्या, तेही सांगायला नको?"

"मग तुझ्या नावाने जाऊ दे. माझं टाकू नकोस." देवेश केबिनमध्ये गेला.

अक्षताने सगळ्या नोंदी परत भरल्या. तक्त्यात सात ठिकाणी 'हिरवा' या शब्दावर रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'चूक माझी, अक्षता.' पाचला सात मिनिटं कमी असताना नकाशा गेला. तक्त्याचा फोटो तिने गुरुजींनाही पाठवला.

लगेच गुरुजींच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मथुरा होती.

"आल्या मॅडम आमच्या नोंदी. चौदा नंबरची पण आली."

"चौदाचं काय विशेष गं?"

"तो आमचा मळा आहे. म्हणून तिथं मी माती दाबली नाही. दुसऱ्या पोरींना दाबायला लावली. शेततळं मिळावं म्हणून माझ्या हातून गोळा ढिला दाबला गेला असता तर?"

अक्षताला शरम वाटली. "टेक्निकल प्रॉब्लेम नव्हता गं मथुरा, त्या नोंदी मीच पुसल्या होत्या," ती म्हणाली.