कौसल्येची उलट शब्दांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. दुकानातली नव्हे. चाळीतले नाना छापखान्यात कामाला होते, उरलेले कागद दोऱ्याने शिवून त्यांनी मला बांधलं आणि वरळीच्या बीडीडी चाळीत शेजारच्या कौसल्येला दिलं. तिला नर्स व्हायचं होतं, त्यासाठी इंग्रजी हवं होतं. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याच्या उलट शब्द, असं ती रोज लिहायची. स्ट्राँग, वीक. ओपन, शट. फ्रेंड, एनिमी. शाळेतल्या बाईंनी मला कौतुकाने वर्गात फिरवलं, तेव्हा मी फार सुखावले.

मग छप्पन्न सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून शहर पेटलं होतं. एका सकाळी रस्त्यावर दगड पडू लागले. मध्येच अडकलेल्या एका लहान मुलीला आणायला कौसल्येचे वडील बुधाजी धावले. मुलगी वाचली, पण दगड त्यांच्या कपाळावर बसला.

इस्पितळात न्यायला शेजारच्या शामरावांनी त्यांना हातगाडीवर घातलं. कौसल्येच्या हातात मी होते, तिने मलाच त्यांच्या डोक्याखाली सरकवलं. माझी पानं भिजत गेली.

नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. अधिकाऱ्याला मराठी समजत नव्हतं. फुटलेलं डोकं पाहून त्याला वाटलं, हाही दगडफेक करणाऱ्यांतलाच. त्याने बुधाजींना ताब्यात घ्यायला सांगितलं. शामरावांना इंग्रजी येत नव्हतं. 'निर्दोष'ला इंग्रजीत काय म्हणतात, ते कौसल्येला येत नव्हतं. माझ्यातही तो शब्द नव्हता.

जे येत होते, तेच शब्द तिने जोडले. "फादर नॉट एनिमी. फादर वीक. प्लीज, रोड ओपन."

अधिकाऱ्याने मला ओढून काढलं, दोन ओली पानं उलटून तिने लिहिलेले शब्द वाचले आणि पुन्हा बुधाजींच्या डोक्याखाली ठेवलं. मग त्याने शिपायांना बाजूला व्हायची खूण केली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "डेंजर." कौसल्येने तो शब्द डावीकडे लिहिला. उलट शब्द तिला ठाऊक होता, पण तो लिहायला हात धजेना. तीन दिवस ती मला उघडायची, पेन्सिल टेकवायची आणि मिटायची. चौथ्या दिवशी बुधाजींनी डोळे उघडून पाणी मागितलं. ते पाजून तिने उजवीकडे लिहिलं, सेफ.

पुढे ती नर्स झाली. मी माळ्यावर पडले, माझ्या कडा वाळवीने खाल्ल्या. मित्रांनो, जुनी वही रद्दीत टाकण्याआधी एकदा चाळून पाहा. एखादा शब्द लिहायला कुणी तीन दिवस थांबलेलं असतं.