एकोणिसावा माणूस

टॅरबील फुटबॉल क्लबात ज्याला काही येत नाही त्याला कमिटीत घेतात आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला काम देतात. मला नाही म्हणता येत नाही. म्हणून गेली चार वर्षं दर शनिवारी मी मैदानाच्या कडेला, बाकापाशी, हातात पत्र्याची पाटी घेऊन उभी असते. पाटीवर लोहचुंबकाचे बावीस आकडे. डावीकडे मैदानातले अठरा, उजवीकडे बाकावरचे चार. आमचा फुटबॉल अकरांचा नाही, अठरांचा; चेंडू हातात घेऊनही पळतात आणि एका गोलाचे सहा गुण. आमचा प्रशिक्षक रॉस ओरडतो, "चौदा बाहेर, सत्तावीस आत!" मी आकडे सरकवते आणि पोराला पाठीत थाप मारून आत पाठवते. काम एवढंच. गाढवालाही जमेल, असं माझा नवरा नेव्हिल म्हणतो. तो स्वतः पलीकडच्या कुंपणाला गाडी लावून थर्मास उघडून बसतो आणि आमचा गोल झाला की हॉर्न वाजवतो. गेल्या तीन वर्षांत त्याला फारसे कष्ट पडलेले नाहीत.

कारण तीन वर्षांत आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. सलग सेहेचाळीस हरलो. चांगली पोरं एकेक करून शेजारच्या गावांच्या क्लबांत गेली. उरले ते कोण, तर शेत सोडून जाता येत नाही असले, गुडघे गेलेले, आणि शाळेतले दोन मास्तर. जिंकल्यावर कपडे बदलायच्या खोलीत रिंगण करून म्हणायचं आमचं एक गाणं आहे, पण निम्म्या पोरांना त्याचे शब्दच माहीत नव्हते. माहीत असायचं काही कारणच पडलं नव्हतं.

शब्द पक्के माहीत होते ते लीथ पॅस्कोला. लीथ एकोणचाळीस वर्षांचा, मेंढ्या पाळतो, गोलासमोरच्या कोपऱ्यात बचावाला उभा राहतो. दिवसाला दहाएक शब्द बोलत असेल, त्यातले चार कुत्र्याशी. हा त्याचा शेवटचा हंगाम. बायकोने सांगितलंय की यंदानंतर एकतर मी नाहीतर तुझा तो दुखरा खांदा. मे महिन्यात तो मला म्हणाला होता, "एकदा जिंकायचंय, व्हर्ना. एकदा झालं की मी मोकळा." लीथच्या मानाने हे भाषणच म्हणायचं.

तर ऑगस्टमधला तो शनिवार. आमच्याच मैदानावर, कोर्डूकविरुद्ध. कोर्डूकवाले गुणतक्त्यात दुसरे, आणि आले ते सहलीला आल्यासारखे. पण पाऊस पडून मैदानाचा चिखल झाला होता, आणि चिखलात सगळेच सारखे. त्यांच्या त्या सुंदर लांब किका कुठच्या कुठे जात होत्या. आमच्या किका तशाही कुठच्या कुठेच जातात, आम्हाला सवय आहे. शेवटच्या सत्रातली आठ मिनिटं उरली आणि फळ्यावर पाहिलं, तर आम्ही नऊ गुणांनी पुढे. कँटीनमधल्या बायका तळण तसंच सोडून कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आणि तेव्हाच मी माती खाल्ली.

ग्रिग भाऊ म्हणजे टोबी आणि नॅश. एकाला झाका, दुसऱ्याला काढा. टोबी मैदानात खेळत होता, चौदा नंबर. नॅशचा घोटा मागच्या आठवड्यात मुरगळलेला, म्हणून तो नुसताच क्लबचा लांब कोट घालून, टोपी ओढून बाकाच्या टोकाला बसला होता. बसायला नको होतं, पण तिथे पाऊस लागत नाही. रॉस ओरडला, "टोबीला काढ, डंकनला घाल!" मी आकडे शोधत होते, एक खाली चिखलात पडला होता तो पुसत होते. वर बघते तर बाकावर ग्रिग बसलेला, धापा टाकल्यासारखा खोकतोय. म्हटलं, आला वाटतं. चौदा उजवीकडे सरकवला, डंकनला पाठीत थाप मारली. गेला पळत.

मग मैदानात बघितलं तर टोबी ग्रिग चेंडू घेऊन पळतोय.

मी बाकाकडे बघितलं. "नॅश?"

"काय गं?" नॅश म्हणाला.

आमच्या खेळात एक जुना नियम आहे, वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही, पण आहे. समोरच्या कर्णधाराला शंका आली तर तो अंपायरकडे मोजणी मागू शकतो. खेळ थांबतो, संघ मधोमध ओळीत उभा राहतो, अंपायर डोकी मोजतो. अठराच्या वर एक जरी निघाला तरी त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसले जातात. सगळे. आमचे त्या क्षणी एकसष्ट होते. तीन वर्षांनी आलेला दिवस, बावीस पोरांचं रक्त आटलेलं, आणि ते सगळं माझ्या एका थापेने शून्य होणार होतं.

"टोबी!" मी हात हलवत ओरडले. "टोबी, बाहेर ये!" पण त्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये, त्या वाऱ्यात, कोण ऐकतंय. वर टोबीला वाटलं मी त्याला शाबासकी देतेय. त्याने हात हलवला. एवढ्यात कोर्डूकचा निरोप्या, निरोप घेऊन आत-बाहेर पळतो तो माणूस, कडेला उभा राहून बोटाने काहीतरी मोजताना दिसला. मग तो त्यांच्या कर्णधाराकडे पळत गेला. कर्णधाराने हात वर केला आणि अंपायरकडे चालू लागला.

अंपायरने शिट्टी मारली.

रॉस माझ्याकडे वळला. "व्हर्ना, अठराच आहेत ना?" मी पाटी पाठीमागे लपवली. त्याने माझं तोंड बघितलं आणि टोपी काढून हळूच गुडघ्यावर ठेवली, घरात कुणी गेल्यावर ठेवतात तशी.

पोरं मधोमध ओळीत उभी राहिली. चिखलाने एकाचाही नंबर धड दिसत नव्हता. अंपायर एका टोकापासून निघाला, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत, मोठ्याने मोजत. मला टोबी दिसत होता. मला डंकनही दिसत होता. दोघंही शेजारीशेजारी, दोन दिवे लावल्यासारखे. मनातल्या मनात मी क्लबाला राजीनामा लिहायला घेतला होता आणि गाव सोडून बहिणीकडे राहायला जावं का, इथपर्यंत पोचले होते.

"सोळा. सतरा. अठरा."

ओळ संपली.

अंपायर परत फिरला, उलट्या टोकाकडून पुन्हा मोजलं. "अठरा." कोर्डूकचा कर्णधार काहीतरी बोलायला लागला. अंपायर म्हणाला, "अठरा म्हणजे अठरा, भल्या माणसा. तुला मोजायचेत का?" आणि चुकीची शंका घेतली म्हणून चेंडू आमच्या कर्णधाराच्या हातात, वर पन्नास मीटर पुढे. समोर गोल, मध्ये कुणी नाही. चिखलातसुद्धा ती किक चुकणं शक्य नव्हतं. हॉर्न असे वाजले की चर्चच्या छपरावरचे पांढरे काकाकुवे उडाले.

जिवात जीव आला, पण अक्कल आली नाही. अठरा कसे? मी पाटीकडे बघते, मैदानाकडे बघते. तेवढ्यात रॉस किंचाळला, "मागच्या कोपऱ्यात कोण आहे? लीथ कुठे मेला?"

लीथ कुठेच नव्हता. त्याच्या जागी घाईघाईने डंकनला पाठवलं. उरलेली सहा मिनिटं मी प्रत्येक खेळाडू बोटावर मोजला, दर मिनिटाला, मोठ्याने. रॉसने मला गप्प बसायला सांगितलं, मी बसले नाही. कोर्डूकने दोन गोल मारले. सामना संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो.

लोक कुंपणावरून उड्या मारून आत आले. माणसं रडत होती, मी पण. कँटीनवाल्या हेझलने मला मिठी मारली, आणि ती माझ्याशी गेली सहा वर्षं बोलत नव्हती.

गर्दीतून वाट काढत मी पलीकडे नेव्हिलच्या गाडीकडे गेले. नवऱ्याला सांगायचं होतं, दुसरं कुणाला सांगायची हिंमत नव्हती. तर गाडीत नेव्हिलशेजारी, गुडघ्यावर माझी चौकड्यांची शाल, हातात माझा कप, लीथ पॅस्को बसलेला. अंगावरचा चिखल माझ्या सीटला लागलेला.

"हे काय?" मी म्हटलं.

"काही नाही," लीथ म्हणाला. "मुतायला गेलो होतो."

"भर सामन्यात?"

"थंडी होती."

नेव्हिलला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत पाणी ओतणं. तो आधीच हसत होता. "अगं, हा कुंपणावरून उडी मारून आला आणि दार उघडून म्हणतो, 'सरक रे नेव्ह, तुझ्या बायकोचा एक माणूस जास्त झालाय.'"

"नेव्ह," लीथ म्हणाला. "सांगू नको म्हटलं होतं ना."

मग थोडं थोडं कळलं. चेंडू लांब होता, कोपऱ्यात त्याला काम नव्हतं. त्याने डंकनला येताना बघितलं आणि टोबीला जाताना बघितलं नाही. मग मला हात हलवताना बघितलं, आणि तो कोर्डूकवाला बोटं मोजताना. मेंढ्या मोजणारा माणूस, एकोणीस त्याला एका नजरेत कळले. बाकापर्यंत पळत यायचं तर सगळं मैदान ओलांडावं लागलं असतं, तोवर शिट्टी वाजली असती. कुंपण मात्र दहा पावलांवर होतं. पण कुंपणावरून गेलेल्या माणसाला त्या दिवशी परत आत येता येत नाही, हा नियम त्याला माहीत होता. वीस वर्षं खेळतोय तो.

"अरे, तीन वर्षं वाट बघितलीस," मी म्हटलं. "एकदा जिंकायचंय म्हणालास. आणि शेवटच्या आठ मिनिटांना उठून चालता झालास?"

लीथने कप रिकामा करून डॅशबोर्डवर ठेवला. "आत राहिलो असतो तर जिंकायला काय उरलं असतं, व्हर्ना?"

मी थर्मास उचलला आणि त्याचा कप पुन्हा भरला.

खोलीत गाणं दोनदा म्हणून झालं होतं. शब्द येत नव्हते ती पोरं नुसतीच ओरडत होती. लीथ दारातून आत आला तसा रॉस बाकड्यावर चढला. "बघा, आले! तीन वर्षं हा गडी कोपऱ्यात उभा आणि आपण हरतोय. आज आठ मिनिटं मुतायला गेला आणि जिंकलो. पुढच्या शनिवारी याला पहिल्यापासून संडासात बसवा रे!"

खोली हसून हसून कोसळली. कुणीतरी संडासाच्या कागदाचं भेंडोळं फेकलं, ते लीथच्या छातीवर आपटलं. त्याने ते उचललं, नीट गुंडाळलं आणि खिशात घातलं. तोही हसत होता. मला माहीत होतं, आता पुढची तीस वर्षं दारूच्या गुत्त्यात, लग्नात, त्याच्या प्रेतयात्रेतसुद्धा ही गोष्ट सांगतील. आणि हा माणूस एक शब्द बोलणार नाही.

दारापाशी सामान ठेवायची एक पेटी होती, मी तिच्यावर चढले. गुडघा कुरकुरला. "गप्प बसा," मी म्हटलं. कुणी गप्प बसलं नाही. मग मी पत्र्याची पाटी भिंतीवर हाणली, तेव्हा बसले.

"मैदानात एकोणीस होते," मी म्हटलं. "टोबी बाहेर आलाच नव्हता, मी नॅशला टोबी समजले. एकसष्ट गुण गेले होते. लीथने बघितलं आणि तो कुंपणावरून बाहेर गेला, परत येता येणार नाही हे माहीत असून. मुतायला वगैरे काही नाही. माझ्या नवऱ्याच्या गाडीत माझा चहा पीत बसला होता."

मला वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. छातीवरचं ओझं उतरलं होतं, एवढं खरं.

रॉस बाकड्यावरून उतरला, माझ्यापाशी आला. "व्हर्ना, पुढच्या शनिवारी येणार आहेस?"

"ठेवलंस तर येईन."

"तुझ्याशिवाय आहे कोण?" तो म्हणाला, आणि वळून लीथला दोन्ही खांद्यांना धरलं, दुखऱ्यासुद्धा, आणि रिंगणाच्या मधोमध नेऊन उभं केलं. गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं. या वेळी शब्द होते, कारण लीथ म्हणत होता आणि बाकीचे त्याच्या मागून. आवाज अगदीच बेसूर आहे त्याचा. कुणीतरी बाटलीभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, आणि दुसरी माझ्या.

संपल्यावर केस पिळत मी दाराकडे निघाले, तेव्हा लीथ शेजारी आला. "कशाला सांगितलंस? मला चाललं असतं," तो म्हणाला. "आता तुला चिडवतील, जन्मभर."

"चिडवू देत."

उंबरा ओलांडते ना ओलांडते तोच मागून कुणीतरी हाक मारली, "ए एकोणीस!"

मी वळून ओ दिली.